आत्यांचा नळ चालू आहे

आत्यांना निवृत्त करायचं असं घरात एकमताने ठरलं, तेव्हा आत्या घरात नव्हत्या. त्या मैदानावर बियरचं रिकामं पिंप काढून भरलेलं लावत होत्या. एकमत व्हायला ते सोयीचंच पडलं.

ठरवणारी माणसं दोन: आत्यांचा मुलगा आणि त्याची बायको. पोटचा मुलगाही त्यांना आत्याच म्हणायचा, कारण त्याच्या लहानपणी घरात आत्यांचा एक भाचा राहायला होता आणि त्याचा आवाज सगळ्यांत मोठा. त्याने दिवसभर ‘आत्या, आत्या’ केलं आणि तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं. भाचा पुढे परदेशी गेला. जाताना जमेल तेवढं सामान घेऊन गेला, पण ‘आत्या’ मात्र मागेच ठेवून गेला.

मुलगा विमा कंपनीत होता. कुणाला काय काय होऊ शकतं याचा वीस वर्षं विचार करून त्याचा चेहरा कायम नुकतीच पायरी चुकल्यासारखा दिसे. आईचं वय बहात्तर, तिचे गुडघे तिच्याहून थोरले आणि तिचा धंदा जड पिंपांचा. त्याची झोप उडाली होती. आत्यांना मात्र झक्क झोप लागायची.

मैदानाच्या पॅव्हिलियनखाली आत्यांचा गाळा होता. लाकडी काउंटर, त्यावर दोन नळ. डावा बियरचा, उजवा सोड्याचा. एकतीस वर्षांपूर्वी नवरा-बायकोने मिळून तो सुरू केला होता. नवरा फिटर. नळामागचं सगळं तो बघायचा आणि नळापुढचं सगळं आत्या. नवरा गेल्यावर आत्या दोन्हीकडचं बघू लागल्या, आणि मागच्या बाजूला गॅसचं सिलिंडर आणि बियर गार करायचं, सोडा घुसळायचं मशीन आलं.

मैदानाचा नियम एकच होता, पण कडक होता. सामना सुरू व्हायची शिट्टी वाजताना ज्याचा एक जरी नळ बंद, त्याचा गाळा दुसऱ्याला. मुलाला हा नियम पाठ होता. म्हणून गुरुवारी सिलिंडर आणि मशीन ‘सफाईला’ टेम्पोत चढलं. ‘शनिवारी सकाळी परत येईल,’ असं आत्यांना सांगण्यात आलं. सामना शनिवारी चारला होता. आईशी भांडण नाही, वाद नाही, नळ आपोआप बंद आणि गाळा आपोआप दुसऱ्याचा. इतकी मायेने रचलेली फसवणूक विमा कंपनीतही सहसा बघायला मिळत नाही.

घरात आरामखुर्ची येऊन पडली होती. सूनबाईंनी गुडघ्यांवर घ्यायला जाड लोकरीचा रग आणला होता, अबोली रंगाचा, झालर लावलेला. आणि गुडघ्यांच्या डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता: खुर्चीत बसून पायाखाली एक बाटली पुढे-मागे फिरवायची, दहा मिनिटं, दिवसातून दोनदा.

शनिवारी सकाळी नऊला आत्यांनी मशीनवाल्याला फोन लावला.

“झालं का रे?”

“आत्या, ते... तुमच्या मुलाने सांगितलंय, घाई नाही म्हणून.”

“किती घाई नाही?”

“म्हणजे... अजिबातच नाही.”

आत्यांनी फोन ठेवला. आरडाओरडा केला नाही. उरलेला चहा प्यायल्या, कप विसळला, पालथा घातला. मग पलंगाखाली वाकून त्यांनी एक गोष्ट ओढून काढली. नवऱ्याने स्वतः बनवलेलं जाड पोलादी भांडं होतं ते. वर दाब दाखवणारा काटा, बाजूला सेफ्टी व्हॉल्व्ह, तोंडाशी दाब कमी-जास्त करायची चावी. घरात त्याला ‘बुटका’ म्हणत. सिलिंडर नव्हतं त्या काळात बुटक्यानेच सगळे सामने निभावले होते.

“मी जरा पाय मोकळे करून येते,” त्या सुनेला म्हणाल्या.

“मग हातगाडी कशाला, आत्या?”

“परत येताना दमले तर बसायला.”

आइस्क्रीमच्या गोदामात नवऱ्याचा जुना दोस्त मुकादम होता. तीस वर्षं शीतगृहात काढल्यामुळे तो भर उन्हाळ्यातही स्वेटर घालायचा. सगळे त्याला गारठ्या म्हणत.

“गारठोजी, वीस किलो कोरडा बर्फ पाहिजे.”

गारठ्याने हातगाडीवरचा बुटका बघितला आणि स्वेटरच्या बाह्या वर सरकवल्या. तो भावनावश झाला की एवढंच करत असे.

“वहिनी, हा अजून आहे?”

“मी आहे ना? मग तोही आहे.”

“पोराला माहीत आहे?”

“त्याने मला कुठे काय सांगितलं? मी कशाला उगाच त्याच्या डोक्याला ताप देऊ?”

गारठ्याने थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरून दिला, चामड्याचे हातमोजे दिले आणि बजावलं, “दार सताड उघडं ठेवा. गॅस खाली साचतो, कळत नाही. आणि बुटक्याशिवाय कशातही कोंडू नका. साध्या बाटलीत बूच लावून ठेवलात तर छप्पर शोधायला पुढच्या गावी जावं लागेल.”

“एकतीस वर्षं झाली मला.”

“छपराला ते माहीत नसतं, वहिनी.”

कोरड्या बर्फाचं वैशिष्ट्य असं की तो वितळून पाणी होण्याची मधली फालतू पायरी घेत नाही, थेट गॅस होतो. तोच गॅस, जो सिलिंडरमध्ये भरून मिळतो. म्हणजे एकच जिन्नस बियर गारही करतो आणि तिला ढकलून नळापर्यंतही आणतो. एका पगारात दोन कामं. कुठल्याही कार्यालयात त्याला कुणी टिकू दिलं नसतं.

गाळ्यात आत्यांनी पुढचं-मागचं दार उघडं टाकलं, हातमोजे चढवले, बर्फाचे खडे बुटक्यात टाकून झाकण आवळलं. काटा हलला. चढला. सेफ्टी व्हॉल्व्हने एकदा ‘फुस्स’ करून आपण जागे असल्याचं कळवलं. आत्यांनी चावी बेताने फिरवून बियरच्या पिंपाला नळी जोडली.

सोड्याचं काम वेगळं असतं. गार पाण्याच्या पिंपात गॅस जास्त दाबाने सोडावा लागतो आणि पिंप सारखं हलवावं लागतं, तरच गॅस पाण्यात मुरतो. एरवी हे मशीन करायचं. आत्यांनी स्टूल ओढलं, पिंप आडवं केलं, त्यावर पाय ठेवला आणि पुढे-मागे, पुढे-मागे फिरवायला सुरुवात केली. दहा मिनिटांनी पाय बदलला. डॉक्टरांनी बाटलीचं माप काही सांगितलं नव्हतं.

साडेतीनला सोडा तयार झाला. ग्लासात पडला तो असा चिडून उसळला की आत्यांना त्याचं कौतुक वाटलं.

मग त्यांनी बियरचा नळ ओढला. नळ खोकला. एक थेंब आला, थरथरला, आणि पुन्हा काही नाही.

काउंटरखालच्या पेटीत नळीचं वेटोळं होतं. पिंपातली बियर त्यातून फिरत गार होऊन वर यायची. आत्यांनी पेटीचं झाकण उघडलं. त्यांनी कोरडा बर्फ वेटोळ्यावर थेट रचला होता, आणि नळीत बियर गोठून दगड झाली होती. नवरा असताना पेटी तोच भरायचा. आत्या तेव्हा नळापुढे असत.

नेमके त्याच वेळी सेक्रेटरी आले. मैदानाचे सेक्रेटरी म्हणजे सभ्य गृहस्थ. वाईट बातमी आणताना ते नेहमी कपड्यांना इस्त्री करून येत. बरोबर सीलबंद सरबताच्या कंपनीचा एक माणूस होता. त्याने आल्या आल्या खिशातून टेप काढली आणि काउंटरची लांबी मोजायला घेतली.

“आत्याबाई,” सेक्रेटरी घसा साफ करत म्हणाले, “तुमच्या चिरंजीवांचा फोन आला होता. बियरचा नळ आज...”

“चार वाजले?”

“नाही, पण...”

“मग बोलणं चारला. अहो टेपवाले, हात उचला. ओलं आहे तिथे.”

“मॅडम, मी फक्त माप घेतोय.”

“घ्या. माझंही घ्या. इथेच उभी असणार आहे मी, मला धरून हिशेब करा.”

तेवढ्यात मुलगा आणि सूनबाई धावत आले. सुनेच्या काखोटीला तो अबोली रग होता. मुलाने गाळ्यातला बर्फाचा पांढरा धूर, हातमोजे घातलेली आई आणि फुसफुसणारा बुटका एका नजरेत टिपला, आणि या तिन्हींवर स्वतंत्र पॉलिसी लागेल अशा चेहऱ्याने तो उभा राहिला.

“आत्या, हे काय चाललंय? गॅस कोंडला तर?”

“दोन्ही दारं उघडी आहेत.”

“हात भाजले तर?”

“हे मोजे तुझ्या बापाच्या दोस्ताचे आहेत.”

“भांडं फुटलं तर?”

“तू शाळेत होतास तेव्हापासून फुटायचं राहिलंय. तुझ्या बापाने केलंय ते. त्याच्या हातची एकच गोष्ट सारखी फुसफुसत असते, आणि ती बुटका नाही.”

मुलगा हळू आवाजात म्हणाला, “आम्ही तुझ्यासाठीच केलं गं.”

“माहीत आहे. म्हणून तर तुला अजून काही बोलले नाही.”

सूनबाई पुढे झाल्या. गाळ्यात हाडं गोठवणारी थंडी होती. सुनेने रग आत्यांच्या खांद्यावर टाकला. आत्या पेटीवर वाकल्या, तसा रगाचा काठ बर्फात गेला.

“अहो आत्या, नवा आहे तो!” सून ओरडली. “ओला होऊन ताठ होईल ना!”

आत्या तशाच वाकलेल्या राहिल्या.

हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. शब्द न् शब्द त्यांचाच होता. सामन्याच्या दिवशी नवरा घरी यायचा तो कोट हातात धरून, ओला आणि पापडासारखा ताठ. आणि त्या दारातच सुरू व्हायच्या: नवा आहे तो, कुठे लोळवता, माणसासारखं वागता येत नाही का. तो हसायचा आणि कोट दोरीवर टाकायचा. किती वर्षं. एकदाही म्हणाला नाही की अगं, मी बर्फ त्यात गुंडाळून ठेवतो, म्हणून बियर गोठत नाही.

“बोलला का नाहीस रे मुडद्या,” आत्या पेटीत बघून म्हणाल्या.

“कोण, मी?” मुलाने विचारलं.

“तू नाही. तू पाणी आण. ग्लास धुवायच्या नळाचं, बादलीभर. पळ.”

मुलगा पळाला. विमा कंपनीत त्याला कुणी असं पळताना बघितलं नव्हतं. आत्यांनी बर्फ बाहेर काढला, वेटोळ्यावर बादली ओतली. दुसरी. तिसरी. नळीवरची पांढरी साय निघून खालचं पोलाद दिसू लागलं. टेपवाल्याने दोनदा घड्याळ बघितलं. सेक्रेटरींनी एकदाच बघितलं, पण बराच वेळ.

मग आत्यांनी रग पेटीत पसरला, त्यात बर्फ ठेवला, लहान मुलाला दुपट्यात बांधावा तसा चारही बाजूंनी नीट गुंडाळला आणि वेटोळ्याशेजारी निजवला. झालर बाहेर लोंबत राहिली.

“सूनबाई, जाड आणलास ते बरं केलंस.”

“तो तुमच्या गुडघ्यांसाठी होता,” सून म्हणाली. पण म्हणता म्हणता तिने झालर आत खोचली.

मैदानावर दोन्ही संघ उभे राहिले. आत्यांनी नळ ओढला. नळ खोकला, शिंकला, फेसाची एक गुठळी बाहेर टाकली, आणि त्यामागून सोनेरी, थंडगार, सरळ धार आली. पहिला ग्लास त्यांनी रिवाजाप्रमाणे मोरीत ओतला. दुसरा भरून काउंटरवर ठेवला, तेव्हा रेफ्रीने शिट्टी वाजवली.

“चार वाजले,” आत्या म्हणाल्या. “आता बोला, काय म्हणत होतात?”

सेक्रेटरींनी ग्लास उचलला. एक घोट घेतला. मिशीला फेस लागला, त्यामुळे त्यांचा अधिकार जरा कमी झाला. “नळ,” ते म्हणाले, “चालू आहे.”

“ते मला दिसतंय. यांना सांगा.”

टेपवाल्याने टेप सोडली, ती सर्रकन आत गेली. त्याने थोडा विचार केला आणि सोडा मागितला.

“रांगेत या,” आत्या म्हणाल्या.

रांग खरोखरच लागली होती. मुलगा काउंटरच्या आत बादली धरून उभा होता, पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजलेली. तो काट्याकडे बघत होता. काटा जिथे हवा तिथे होता. त्याने वाकून आणखी जवळून बघितलं, तरी तो तिथेच होता.

“आत्या,” तो म्हणाला, “सोमवारी मशीन परत आणतो. सिलिंडरही.”

“आण. घाई नाही.”

“किती घाई नाही?”

“अजिबातच नाही,” आत्या म्हणाल्या, आणि सोड्याच्या दुसऱ्या पिंपावर पाय ठेवला. “आता सरक तिकडे. माझा व्यायाम राहिलाय.”