निरोगी घोडा

मोतद्दाराने खरारे, लगाम, जीन, पाठीवरची घोंगडी असं सगळं अंगणात ओढून आणलं आणि औषधाच्या पाण्याचं घमेलं पुढ्यात घेऊन एकेक घासायला बसला. घोडीच्या पाठीवर नाण्याएवढे गोल चट्टे उठले होते. केस झडून खाली राखाडी कोंडा धरला होता.

"नायटाच आहे," जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जिवाला धोका नाही. पण एकाचा दुसऱ्याला लागतो, माणसालाही. घोडीला मागच्या शेडमध्ये वेगळी बांधा."

"शेजारच्या म्हाताऱ्या घोड्याला करमायचं नाही, बाई. वर्षानुवर्षं जोडीनं राहिलीत दोघं."

"न करमण्यावर माझ्याकडे औषध नाही. नायट्यावर आहे."

तो घोडीला घेऊन निघाला, तसा म्हाताऱ्या घोड्याने फळीवरून मान बाहेर काढली आणि ती दिसेनाशी होईपर्यंत आत घेतली नाही.

आठवड्याभरात मोतद्दाराच्याही हातावर लाल कडं उमटलं. घरी आई होती, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या कातडीची. तो उंबऱ्याबाहेरूनच वहिनीला म्हणाला, "मी तबेल्यातच झोपतो. आईला सांगा, काम वाढलंय."

"कोण आलंय गं?" आतून आईने विचारलं.

"कुणी नाही, आई," वहिनी म्हणाली.

मागच्या शेडमध्ये घोडी मजेत होती. औषधाने चट्टे सुकले, त्यावर मऊ लव आली. दाणा टाकला की फडशा पाडायची. म्हातारा मात्र मागच्या भिंतीकडे तोंड करून उभा राही. पलीकडे टापा वाजल्या की कान टवकारी, मग पुन्हा पाडी. गवत तसंच पडून राही. मोतद्दाराने गाजरं तोंडाशी धरून पाहिली. त्याने नुसती हुंगली.

"घोडी नुसती लांबून दाखवू का म्हाताऱ्याला?" मोतद्दाराने तबेल्याच्या मालकीणबाईंना विचारलं.

"अजून थोडे दिवस थांबा. सगळा तबेला खाजवत बसला तर कोण येईल इथं घोडा शिकायला?"

त्यांचंही खोटं नव्हतं. त्याने मान हलवली.

एका दुपारी म्हातारा पाय आपटू लागला, वळून वळून पोटाकडे बघू लागला. मग आडवाच झाला. डॉक्टरीणबाई धावत आल्या, सुया टोचल्या, नळी घातली. ऊन कलायच्या आत सगळं संपलं.

बाईंनी त्याच्या अंगावरून हात फिरवला. कुठे एक चट्टा नव्हता.

"याला काहीच झालं नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या.

गाडी म्हाताऱ्याला घेऊन गेली, तेव्हा मोतद्दाराने औषधी साबणाने हात कोपरापर्यंत घासले, धुतलेला सदरा घातला आणि घराची वाट धरली.

दारात वहिनीच होती. "भावजी, बरं झालं का?"

"सुकत आलंय. आई जेवते ना?"

वहिनीने पदराशी चाळा केला. "दोन घास. तेही मी बसले समोर, तर. तुम्हाला सांगून काय करायचं, म्हणून..."

तो उंबऱ्याशी थांबला. मग वहाणा काढून आत आला. आई दाराकडे तोंड करून बसली होती. तिचे हात मांडीवर पडले होते, गळून पडल्यासारखे.

"संपलं का काम?"

"संपलं."

त्याने बाही मनगटापर्यंत ओढली, गुंडी लावली आणि तिला टेकून बसला.

"वहिनी," तो म्हणाला, "दोघांचं एकाच ताटात वाढा."