सुपघरातली खुर्ची

तिरोड्याहून बोदलकशाकडे जाताना लागणाऱ्या एका गावात सुपघर आहे. १९६४ साली नागपूरच्या कुणा तरुण आर्किटेक्टने ग्रामपंचायतीसाठी बांधलेलं ते वाचनालय. छत सुपासारखं, दोन्हीकडून वर उचललेलं नि मधे खोलगट. भिंतींना सिमेंटच्या जाळ्या, खाली मोझॅकची फरशी. साठ वर्षं कुणी त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. पाडून तिथे दुकानांचे गाळे काढायचं ठरलं, तेव्हा मात्र गजेंद्र बिसेन आडवा आला.

गजेंद्र हा हायस्कूलमधून निवृत्त झालेला ड्रॉइंग मास्तर. लोक म्हणायचे, "किल्ला असता त समजलो असतो. सिमेंटची खोली कायले वाचवता, सर?" तो विचारणाऱ्याला हाताला धरून आत नेई आणि जाळीची फरशीवर पडलेली सावली दाखवी. समिती काढली, अध्यक्ष झाला, आणि दोन वर्षं डोकं खाऊन खाऊन त्याने गाव वळवलं. शेवटी वरून निरोप आला की इंजिनियर येऊन पाहील, मजबूत असेल तर राहू द्या.

पाहुणा यायचा म्हटलं की घर सारवायचं, ही आपल्याकडची रीत. आदल्या रविवारी श्रमदान झालं. सारं गाव झाडू-बादल्या घेऊन आलं. छताच्या खोलगट भागाला खालून हातभर भेग होती, कडेने गंजाचा तांबूस ओघळ. बाकीचे खाली फरशी घासत होते, गजेंद्र स्वतः शिडीवर चढला. भेगेत पांढरं सिमेंट भरलं, वरून पुट्टी, वरून चुना. बोट फिरवलं तरी कळू नये असं काम. त्यात लपवालपवी नव्हती, घर नीटनेटकं दिसावं एवढंच मनात होतं. दुसऱ्या दिवशी इंजिनियरने मान वर केली, पांढरंशुभ्र छत पाहिलं आणि सही केली. गजेंद्र शेजारीच उभा होता, तो गप्प राहिला. लबाडी झाली ती तिथे.

सुपघर वाचलं. त्यात अभ्यासिका निघाली. पोलीस भरतीची तयारी करणारी पंचवीस-तीस पोरं-पोरी दिवसभर तिथे बसू लागली. गजेंद्रची मुलगी आचल त्यांच्यातलीच.

आषाढात पुट्टीवर केसाएवढी रेघ उमटली. श्रावणात तिथून पापड्या गळू लागल्या. गजेंद्रने खालचं टेबल बाजूला सरकवलं, तर पोरांनी ते परत आणलं, कारण वारा नेमका तिथेच लागायचा. मग तो स्वतःच तिथे खुर्ची टाकून बसू लागला. सकाळी दार उघडल्यापासून संध्याकाळी कुलूप लागेपर्यंत. डबासुद्धा तिथेच.

"सर, रोज येथंच काऊन बसता जी?" गुंजन नावाच्या पोरीने विचारलं.

"लक्ष ठेवून राहिलो."

पोरं हसली. गावात मात्र त्याचं कौतुक झालं, सुपघरासाठी सरांनी घरदार सोडलं म्हणून. ते ऐकलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बोलावं तर सुपघर जाणार आणि मास्तर खोटा ठरणार. न बोलावं तर वर ते छत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. उद्या सांगू, असं म्हणत त्याने दीड महिना काढला. पाठ अवघडली, मान वर करायची हिंमत गेली. आपण मेलो तर निदान दुसरं कुणी मरणार नाही, एवढाच हिशेब त्याच्यापाशी उरला होता.

भादव्यात त्याला ताप भरला. दुपारी डोळे उघडले तर उशाशी बायको, चेतना.

"चाबी कुठं आहे?"

"आचलनं नेली. तुमच्याच खुर्चीवर बसते म्हणे. बाबाची जागा राखून ठेवतो म्हणाली."

तो तसाच उठला. चेतना हाका मारत राहिली आणि हा अनवाणी चिखलातून सुपघरात.

"उठ," तो आचलला म्हणाला. "सारे भायेर निंगा."

"काऊन बाबा? काय झालं?"

"भायेर."

सगळे बाहेर आल्यावर त्याने मनिराम मिस्त्रीला बोलावून आणवलं. मनिराम शिडी बाजूला लावून वर चढला आणि त्याने लांब बांबूने छत ठोकलं. पुट्टीची खपली सुटली, मागून तांबडं पाणी आलं. आणखी एक ठोका, आणि पाटाएवढं काँक्रीट खुर्चीवर कोसळलं. खुर्चीचे दोन तुकडे झाले.

"हे कोणं बुजवलं?" मनिरामने विचारलं.

"मी," गजेंद्र म्हणाला. "इंजिनियर यायच्या आदल्या दिवशी. भेग होती, मले माहीत होती."

मनिराम शिडीवरून उतरला. "उघडी ठेवली असती त पाणी गळून गेलं असतं. वरची नाली मोकळी केली असती, ही भेग फोडून नीट भरली असती, त अजून तीस वर्षं काई होत नोतं. तुमी पाणी अंदर कोंडलं, सर. त्यानं साऱ्या सळाखी खाल्ल्या."

"आता?"

"आता पाडाच लागते."

कुणीतरी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कुणी घातल्या नाहीत.

पाडण्याची मागणी समितीनेच करायची होती. घरी आचल अर्ज लिहायला बसली. वाचवायचे सगळे अर्जही तिनेच लिहिले होते. कारणाच्या रकान्याशी तिचा पेन थांबला.

"इमारत जीर्ण झाली, असं लिहू का बाबा?"

"जीर्ण नोती," गजेंद्र म्हणाला. "तीस वर्षं होती अजून."

"मंग काय लिहू?"

त्याने तिच्या हातातून पेन घेतला आणि कारणाच्या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.