दोन आखूड, एक लांब

मला कानाशी धरून हलवलेत, तर आत खुळखुळ ऐकू येईल. ती माझ्या पोटातली बुचाची गोळी. मित्रांनो, मी पितळेची जुनी शिट्टी आहे. माझी कड ज्या दातांनी झिजली, ते दात आता पडले आहेत.

दादूने मला पहिल्यांदा ओठांना लावले ते चाकणच्या एका कारखान्यात. क्रेन चालवणाऱ्याला तो खालून खूण करायचा. पाच टनांचा साचा डोक्यावर लटकत असे. वर बसलेल्याला खालचे नीट दिसत नसे, तो फक्त मला ऐके. एक लांब म्हणजे थांब. दोन आखूड म्हणजे चल. सव्वीस वर्षांत त्या साच्याखाली कुणाचे बोटसुद्धा सापडले नाही. दादू निवृत्त झाला, तेव्हा मुकादमाने मला त्यालाच देऊन टाकले.

आमच्या वस्तीसमोरून कंटेनरचा रस्ता जातो. शाळा पलीकडे आहे. प्रत्येक निवडणुकीत पादचारी पुलाचे वचन मिळे. एकदा रस्त्याच्या कडेला भूमिपूजनाची शिलाही बसली. पूल काही आला नाही. तीनदा मत दिल्यावर चौथ्यांदा दादू गेला नाही. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला मला गळ्यात अडकवून तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला, आणि मग रोजच राहू लागला. कारखान्यातली खूण त्याने रस्त्यावर आणली. एक लांब वाजवली की मुले थांबत. दोन आखूड वाजवल्या की पळत पलीकडे जात. आया मला नमस्कार करत. मला फार अभिमान वाटे. त्या अभिमानात मला एक गोष्ट दिसलीच नाही.

यंदाच्या मतदानाच्या दिवशी केंद्र त्याच शाळेत होते. सुट्टी म्हणून मुले पलीकडच्या मैदानात खेळायला निघाली होती. मतदारांच्या चिठ्ठ्या वाटणारे सोपानराव पलीकडे फाटकापाशी गाड्या लावून घेत होते. त्यांच्या गळ्यात प्लास्टिकची नवी शिट्टी होती.

"दादूभाऊ, या की! शाई लावून बोट झिजतंय व्हय?" ते ओरडले.

"तुमी लावा," दादू म्हणाला. "मत दिलं की माझं काम झालं म्हणून मी घरी जाऊन झोपायचो. आता तसं झोपायचं न्हाई."

त्याची बायको दुर्गाबाई नुकतीच मत देऊन परतली होती. ती हसली नाही. हळूच म्हणाली, "अहो, तुमी उभं ऱ्हाता म्हणून तर पूल होत न्हाई. हितं कुणी मेलंच न्हाई ना अजून."

दादू वळला. तिच्याकडे बघत राहिला. रस्त्याकडे त्याची पाठ होती. वळणावर कंटेनरची घरघर वाढत होती.

तेवढ्यात सोपानरावांनी एका टेम्पोला मागे घ्यायची खूण केली. दोन आखूड शिट्ट्या.

मुलांनी रस्त्यावर पाऊल टाकले. वस्तीतली छोटी पिंकी सगळ्यांच्या पुढे होती.

दादूने मला ओठांत धरले. छातीत होती नव्हती ती सगळी हवा माझ्यात आली. एक लांब! मुले जागच्या जागी थिजली. कंटेनर पिंकीच्या नाकासमोरून गेला. धूळ खाली बसली, तेव्हा तिच्या पायात एकच चप्पल होती. दुसरी डांबरात चपटी झाली होती.

"बघितलं न्हाईस का गं?" दादूने विचारले.

पिंकीला प्रश्नच कळला नाही. "बघायचं कशाला, आबा? शिट्टी वाजली की!"

दादू पुलाच्या त्या शिलेवर बसला. सोपानरावांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात घातली.

मित्रांनो, मी मुलांना वाचवत होते, आणि रोज थोडे थोडे आंधळेही करत होते.

त्यानंतर दादूने दोन आखूड कधी वाजवल्या नाहीत. आता फक्त एक लांब. मग तो विचारतो, "डावीकडं काय हाय? उजवीकडं?" दुर्गाबाई शाई लागलेल्या बोटाने वळण दाखवते. मुले बघतात, सांगतात, मगच जातात. पुलासाठी आता ती घरोघरी सह्या गोळा करते. दादू मत द्यायला जाणार नाही म्हणतो. त्यांचे भांडण मिटलेले नाही, पण उभी दोघे असतात.

कंटेनर वाढले आहेत. दादूचा दम कमी झाला आहे. आज सकाळी त्याने मला फुंकले, तर माझी गोळी हललीच नाही. नुसती हवा गेली. वळणावर घरघर सुरू झाली होती. पिंकीने दोन्ही हात पसरले आणि ओरडली, "थांबा!" सगळी थांबली.

उद्या ती ओरडेल का, मला माहीत नाही. म्हणून मला पुसून जपून ठेवा, असे मी सांगणार नाही. एवढेच सांगते: रस्त्यावर पाऊल टाकताना माझी वाट बघू नका. मान वळवा. आणि तुमच्या मागे कुणी लहान उभे असेल, तर आधी हात आडवा करा.