तिला नेऊ नका

बोटी तपासणारा सर्वेअर बोटीला कधी बोट म्हणत नसे. बाई म्हणे. ‘बाई वयाच्या मानाने धडधाकट आहे’, ‘बाईचं रंगरूप फसवं आहे’, असं. धंद्यातल्या लोकांना त्याची सवय होती, आणि बाकीच्यांची त्याला पर्वा नव्हती.

या वेळी त्याला एका निवृत्त दंतवैद्याने बोलावलं होतं. डॉक्टरांना छत्तीस फुटी शिडाची बोट घ्यायची होती. विकणारा म्हणत होता, ही शर्यतीतही पळते आणि सहलीलाही चालते. दोन्हीकडे चालणाऱ्या वस्तू बहुधा कुठेच धड चालत नाहीत, पण हे डॉक्टरांना कोण सांगणार? समोरच्याचं तोंड उघडं असूनही त्याला बोलता येत नाही, अशा धंद्यात त्यांची हयात गेली होती. ऐकायची सवयच नव्हती. किनारा सोडून आठवडाभर मोठ्या समुद्रात जायचं त्यांनी ठरवलं होतं, आणि स्वयंपाकाला बायको बरोबर हवी होती.

बायकोला ते ‘नांगर’ म्हणत. चारचौघांतसुद्धा. एकदा टाकला की हलत नाही, म्हणून.

चाचणीच्या फेरीत सर्वेअरही बरोबर होता. वारा भरला, बोट कलली आणि बायको कठड्यावरून ओकली. डॉक्टर सुकाणू धरून हसत होते. संध्याकाळी त्यांनी मित्रांना फोनवरून तिच्या ओकारीची नक्कल ऐकवली, ती शेजारी बसलेली असताना. पहिली काही वर्षं तिला अशा वेळी रडू यायचं. मग राग यायचा. आता नुसता तिटकारा उरला होता, आणि तिटकाऱ्याला घाई नसते.

दुसऱ्या दिवशी बोट क्रेनने उचलून टेकूंवर उभी केली. डॉक्टर विकणाऱ्याबरोबर शिडं बघायला गेले. आवारात सावली फक्त बोटीच्या पोटाखाली होती, म्हणून बायको तिथे उभी राहिली. सर्वेअर हातोडीने ठोकत ठोकत तिच्यापर्यंत आला. पोटाखाली शिशाचा जड कणा लोंबत होता. तो जिथे बोटीला जोडला होता तिथे तांबूस ओघळ आला होता.

“हे बघा वहिनी,” तो म्हणाला. “या कण्यामुळे ती कलली तरी परत उभी राहते. पण धरणारे बोल्ट आतून गंजलेत. काठाकाठाने फिरली तर वर्षं काढेल. मोठ्या लाटेत कणा निखळला, की बाई उलटीच. आतल्या माणसाला दार सापडत नाही.”

“यांना सांगाल ना?” तिने विचारलं. तेव्हा तिला खरंच काळजी वाटली होती.

“सांगतो तर. उद्या एकदा खात्री करून फोन करतो.”

फोन आला तेव्हा डॉक्टर जेवत होते. हात खरकटे, म्हणून स्पीकर लावला. बायको वाढत होती.

“डॉक्टरसाहेब, स्पष्ट सांगतो, राग मानू नका. बाईला जवळपास फिरवा, हरकत नाही. मोठ्या समुद्रात नेऊ नका. वरून ठीक दिसते, आतून खिळखिळी झालीय. भरवसा नाही.”

डॉक्टरांनी बायकोकडे बघितलं आणि त्यांना हसू आवरेना. “अहो, माझ्याच मनातलं बोललात. परवाच बघितलंत ना तुम्ही तिचे हाल? नाही नेत. राहू दे तिला इथेच.”

“शहाणपणाचं केलंत. लेखी पाठवू?”

“लेखी कशाला? तुमचा शब्द पुरे.”

फोन बंद झाला. बायको हातात डाव घेऊन उभी होती. काय झालं ते तिला तत्काळ कळलं. विचारलं तर सांगू, तिने ठरवलं.

“ऐकलंस? परका माणूस ओळखतो तुला,” डॉक्टर म्हणाले. “आमटी वाढ.”

तिने आमटी वाढली.

बोटीचा व्यवहार झाला. निघायच्या दिवशी बायको धक्क्यावर गेली. डबे चढवले, पाणी चढवलं. डॉक्टर नवी टोपी घालून सुकाणूशी उभे होते आणि खरोखर खूश दिसत होते. शेवटचा दोर तिच्या हातात होता.

“अहो,” ती म्हणाली. “तिला नेऊ नका म्हणाले होते ते.”

“मग नेतोय कुठे? ती काय धक्क्यावर उभी आहे.” ते स्वतःच्याच विनोदावर हसले. “सोड आता. नांगराला बोलायला कोणी सांगितलंय?”

बोटीला म्हणाले हो, तुमच्या बोटीला. एवढंच म्हणायचं होतं. शब्द तिच्या जिभेवर होता. तिने दोर सोडला आणि फेकला. तो पाण्यात पडला.

“एवढंही धड जमत नाही का तुला?” डॉक्टर ओरडले.

तिने वाकून दोर ओढून घेतला, नीट गुंडाळला आणि पुन्हा फेकला. या वेळी तो बरोबर त्यांच्या हातात पडला.