लढाईला निघालेल्या शिपायाचं दही

ज्ञानदाला फक्त एक गिरकी हवी होती. एक! मेन रोल नको, टाळ्या नकोत, फुलांचा गुच्छ तर अजिबात नको (म्हणजे दिला असता तर घेतला असता, पण ते जाऊ दे). दर शनिवारी ती इथे जपानात, निशी-कसाई भागातल्या कम्युनिटी हॉलमध्ये बॅलेच्या क्लासला जात होती, घरी येऊन गुडघ्यांना बाम चोपडत होती, आणि एवढं करून थांग-सेन्सेईंनी तिला दिलं काय? म्हातारी. तीही बसलेली!

थांग-सेन्सेई, म्हणजे क्लासच्या बाई, मूळच्या चीनच्या. तरुणपणी तिकडे एका बॅलेत नाचायच्या, युद्धाच्या काळातल्या एका कथेवरून केलेल्या. त्याचीच छोटी आवृत्ती त्यांनी एदोगावा वॉर्डातल्या एका महोत्सवासाठी बसवली होती. गोष्ट अशी की बर्फात वाट चुकलेला एक तरुण शिपाई खेड्यात येतो. एक म्हातारी त्याला घरातली शेवटची वाटीभर पेज देते. तो पितो, वाटी डोक्यावर उलटी धरून सगळ्यांना दाखवतो की बघा, थेंब ठेवला नाही. मग गावातल्या मुलीला उचलून एक फेरी मारतो आणि लढाईला जातो. परत येत नाही. लोक रडतात. पडदा.

"सगळे नाचतात रे!" ज्ञानदा घरी नवऱ्याला सांगत होती. "बर्फसुद्धा नाचतो! बर्फ म्हणून अख्खी बायकांची टोळी आहे. आणि मी चुलीपाशी बसायचं."

"पण रोल इम्पॉर्टंट आहे ना," सत्यजित लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाला.

"तू गप्प बस."

तिने सेन्सेईंना विचारूनही पाहिलं होतं, शेवटी एक छोटीशी गिरकी घेऊ का? सेन्सेई म्हणाल्या, "म्हातारी नाचत नाही. म्हातारी वाट बघते. वाटीचा प्रसंग न चुकता कर, मग पुढच्या वर्षी तुला नाचायला देईन. चुकलीस, तर पुढच्या वर्षी तू डोंगर."

डोंगर! डोंगर म्हणजे राखाडी चादरीखाली ओणवं राहायचं. त्यामुळे ज्ञानदा वाटी देण्याची प्रॅक्टिस करायला लागली. उठता बसता वाटी. सत्यजितला चहासुद्धा वाटीतून, थरथरत्या हाताने.

आता सासूबाई. सरोजिनीबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि इथला कचरा कुठल्या दिवशी कुठला टाकायचा हे शिकण्यात त्यांचे दिवस चालले होते. त्यांनी बॅलेची गोष्ट नीट ऐकली आणि त्यातलं एकच त्यांच्या मनात अडकलं.

"वाटीत काय असतं गं?"

"काही नाही आई. रिकामी असते. तो प्यायची ॲक्टिंग करतो."

"रिकामी?" कचऱ्यासाठी बाटलीपासून वेगळं केलेलं झाकण हातातच राहिलं त्यांच्या. "पोरगं लढाईला निघालंय आणि त्याच्या हातात रिकामं भांडं? दही नाही, साखर नाही? मरेल नाही तर काय!"

"आई, तुम्ही टेन्शन घेऊ नका. नाटक आहे."

"नाटक असलं म्हणून काय झालं?"

महोत्सवाच्या दिवशी सकाळी ज्ञानदाच्या डोक्यावर पांढरा विग चढत होता आणि समोर डबा घेऊन सरोजिनीबाई हजर. दारावरच्या स्वयंसेवकाने त्यांना अडवायला वाकून नमस्कार केला. त्यांनी वाकून नमस्कार केला. तो परत वाकला. त्या परत वाकल्या, आणि दर वेळी एक पाऊल आत. अशा वाकत वाकत त्या थेट मेकअप रूममध्ये!

"हात कर," त्या म्हणाल्या. तळहातावर दही-साखर घातली. ज्ञानदाने चाटली. "आता जाते बाई. छान बस हो!" म्हणून त्या गेल्या, आणि ज्ञानदाला वाटलं, चला, मिटलं.

मिटलं कसलं! पडदा वर गेला, बर्फ नाचून झाला, शिपाई येऊन तिच्यापुढे गुडघ्यावर बसला. ज्ञानदाने चुलीवरची वाटी उचलली आणि ती जड लागली. आत काठोकाठ दही. घट्ट, कवडीदार, वर साखर पेरलेली. तिने प्रेक्षकांत पाहिलं तर पहिल्या रांगेत सासूबाई मान हलवतायत. दे, दे!

आता शिपाई कोण, तर काशिवागी-सान. एरवी दातांचा डॉक्टर. माणूस इतका शिस्तीचा की सेन्सेईंनी डोक्यावर वाटी उलटी कर सांगितलंय म्हटल्यावर आत निखारे असते तरी त्याने केली असती. ज्ञानदाला दिसायलाच लागलं, त्याच्या टोपीवरून ओघळणारं दही, आणि तिच्या अंगावर राखाडी चादर.

मग तिच्या हाताने आपणहोऊन काय ते केलं. बोटं वाटीत गेली आणि दह्याचा गोळा त्याच्या तळहातावर. काशिवागी-साननी हाताकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. मग सभ्य माणसासारखं खाल्लं. भुवया वर गेल्या, आवडलं बहुतेक!

पण ठरल्याप्रमाणे त्यांचा हात वाटीकडे आलाच. ज्ञानदाने वाटी डावीकडे नेली. हात डावीकडे. उजवीकडे नेली. हात उजवीकडे! ती उठली, वाटी डोक्यावर धरली, टाचा उचलल्या आणि फिरली. एकदा, दोनदा, मग मोजणार कोण. विगचा अंबाडा सुटला. बर्फाला वाटलं सेन्सेईंनी ऐन वेळी बदललं, तो बिचारा तिच्याभोवती फिरायला लागला. शेवटी काशिवागी-साननी वाटीचा नाद सोडला आणि गावातल्या मुलीला उचललं, पण हात दह्याचा. ती त्यांच्या छातीवरून, पोटावरून, लिफ्टसारखी हळूहळू तळमजल्यावर आली. मग त्यांनी तिला गादीच्या वळकटीसारखी काखेत मारली, फेरी पूर्ण केली आणि लढाईला गेले.

हॉलमध्ये बायका हुंदके देत होत्या. शिपाई बर्फात पडला तेव्हा पहिल्या रांगेतून स्पष्ट मराठीत आवाज आला, "मेला? दही देऊनसुद्धा?" शेजारी बसलेला सत्यजित जॅकेटच्या आत कुठेतरी नाहीसा झाला.

आत आल्यावर ज्ञानदा कोपरापर्यंत दह्याने माखलेली, मान खाली. सेन्सेई समोर उभ्या राहिल्या.

"ती गिरकी कुणी शिकवली?"

"कुणीच नाही, सेन्सेई."

"दिसलंच. कोंबडी पळत होती." सेन्सेईंनी डोळे पुसले की काय कोण जाणे. "मी इतकी वर्षं त्या बॅलेत नाचले. म्हातारी त्याला इतक्या सहज कशी जाऊ देते, मला कधी पटलं नाही. आज तू जाऊ दिलं नाहीस."

"म्हणजे मी पुढच्या वर्षी डोंगर नाही ना?"

"पुढचं वर्ष कशाला? दुपारचा प्रयोग आहे अजून. टाच वर."

"आत्ता?"

"आत्ता! वाटी रिकामी, पाठ ताठ. फिर."

ज्ञानदा फिरली आणि ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, खात बसलेल्या बर्फावर जाऊन धाडकन आदळली.

"परत," सेन्सेई म्हणाल्या.