गुणाबाईंचं ‘रोज’

मित्रांनो, मी पाऱ्याची जुनी बीपी मशीन आहे, आणि माझ्या अंगात पारा कमी, मत्सरच जास्त. खोटं कशाला बोलू?

देवणीजवळच्या आरोग्य उपकेंद्रात उज्वला सिस्टरांनी मला अकरा वर्षं वापरलं. दंडाला पट्टा बांधायचा, फुगा दाबायचा, कानात नळ्या घालून ठोके ऐकायचे. बाया म्हणायच्या, "खरं बीपी ह्याच्यातच कळतंय." ऐकून मी आणखी फुगायचे.

मग ती आली. पांढरी, चपटी, सेलवर चालणारी. बटण दाबलं की आकडा दाखवून मोकळी! सवतच ती माझी. तिला टेबल मिळालं, मला कपाट. तिचे सेल उतरावेत म्हणून मी देवाला हात जोडले असते, पण हात कुठले?

त्याच वर्षी सिस्टरांनी आरोग्यसेवेवरच्या पीएच.डी.साठी अर्ज केला. तीन वर्षं शिष्यवृत्ती मिळणार, त्यात घर चालवून शिकता येणार. वयाची मर्यादा संपत आलेली, म्हणून ही शेवटचीच संधी. विषय असा, की गोळ्या चालू असूनही बायकांचं बीपी का उतरत नाही? दोनशे जणींना विचारलं, "गोळी रोज घेता का?" सगळ्या म्हणाल्या, "हाव, रोज." आकडे मात्र चढेच. नांदेडची मुलाखत परवावर आली, तरी उत्तर सापडेना. सिस्टर रडकुंडीला आल्या.

आणि पांढरीचे सेल उतरले! काय सांगू, केवढा आनंद झाला मला!

सिस्टरांनी मला बाहेर काढलं. समोर गुणाबाई बसलेल्या. पारा एकशे सत्तरवर. सिस्टर कानातल्या नळ्या काढून माझा पट्टा गुंडाळू लागल्या. माझा पट्टा घाईत गुंडाळताच येत नाही. तेवढ्यात गुणाबाई म्हणाल्या, "आज मंगळवार हाय नव्हं? गोळी न्हाई घेतली."

"का हो मावशी?"

"उपास हाय की!"

"पण रोज घेता म्हणालात ना?"

"रोजच घेते. उपासाचा दिवस रोजात कसा धरावा, बाई?"

सिस्टरांचा हात थांबला. मंगळवार, शुक्रवार, चतुर्थी, एकादशी, वर नवरात्र!

"मावशी, गोळीनं उपास मोडत नाही," म्हणत त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. उपासाच्या दिवशी गोळी सुटते, हेच त्यांनी मुलाखतीत सांगितलं आणि त्यांची निवड झाली.

आता संशोधनाला गावोगाव जाते ती पांढरीच. माझी काच फुटली तर पारा विषारी, म्हणून मी कपाटात. वर सिस्टर मदतनीस तनुजाला बजावतात, "आकडा आला की पट्टा ओढून काढू नको. सावकाश गुंडाळ, बाईला बोलू दे." म्हणजे रीत माझी आणि मान तिचा! जळफळाट नाही होणार?

मित्रांनो, माझ्यासारखीला काढून टाकायचं तर पारा सांडू देऊ नका. आणि पट्टा गुंडाळेपर्यंत तरी माणसाजवळ थांबत जा.

संशोधनाला निघताना सिस्टरांनी माझ्या झाकणावरून हात फिरवला. म्हणाल्या, "तुझी रोज आठवण काढीन हं."

रोज म्हणजे कुठले दिवस वगळून, ते विचारायचं राहूनच गेलं.