डावा खांदा, अर्धा इंच

मास्तरांच्या कामाला कोणी नावं ठेवलेली मास्तरांना खपत नसत. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे कपडे शिवले, आणि या चाळीस वर्षांत एखादा कपडा बसला नाही, तर दोष गिऱ्हाइकाच्या अंगाचा. "माप दिल्यावर तुम्ही दोन किलो चढवलेत, त्याला मी काय करू," असं ते तोंडावर सांगत आणि गिऱ्हाईक बिचारं पोट आत ओढून मुकाट्याने घरी जाई. असल्या माणसाला सैन्याच्या सूटच्या कारखान्यात आणून बसवलं, ती इंजिनिअरबाईंची हिंमतच म्हणायची.

सूट म्हणजे कोट-पँट नव्हे हो. अंगभर पातळ, कडक पत्रे, कमरेला आणि गुडघ्यांना मोटारी, पाठीवर बॅटरी. तो घालून सैनिकाने साठ किलोचं ओझं घेऊन डोंगर चढायचा, आणि छातीवर गोळी आदळली तरी उभं राहायचं. कागदावर सगळं झकास होतं. पण जे घालून बघत, त्यांच्या मांड्या नि बगला तासाभरात सोलून निघत. बाईंच्या हाताखालच्या हुशार मंडळींनी स्पंज लावला, रबर लावलं, महिनेच्या महिने घालवले. शेवटी बाई वैतागून बाजारपेठेतल्या या शिंप्याला घेऊन आल्या. मास्तरांनी आतलं अस्तर उलटं करून त्यावरून एकदा बोट फिरवलं.

"शिवण आत घेतलीय, ती बाहेर घ्या. आणि मापं उभ्यानेच घेतलीत वाटतं? तुमचा सैनिक जन्मात कधी खाली बसतच नाही का?"

झालं. त्या दिवसापासून आतलं अस्तर मास्तरांचं. शिवाय बाईंनी लेखीच करून घेतलं की मास्तर 'बसला' म्हणेपर्यंत कोणताही सूट कारखान्याबाहेर जाणार नाही. मास्तरांची कॉलर तेव्हापासून जरा जास्तच ताठ झाली होती, ते खरं.

कारखान्याचे नियम कडक. कामाबद्दल घरीसुद्धा अवाक्षर काढायचं नाही. मास्तरांनी बायकोला सांगितलं होतं की कामगारांचे डगले शिवतो. सैनिकांची नावंही त्यांच्यापर्यंत येत नसत, नुसते मापांचे कागद येत, वर एक आकडा. आणि ज्याच्याशी नातं आहे त्याच्या सूटला हात लावायचा नाही. तसं काही निघालं तर तो सूट लगेच दुसऱ्याकडे. या नियमाचं मास्तरांना हसू यायचं. त्यांच्या नात्यात सैन्यात होती ती एकटी गुंडी, त्यांची मुलगी, आणि ती तर म्हणे वायरलेसच्या खोलीत टेबलाशी बसून काम करायची. तिला कशाला लागतोय सूट?

गुंडी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. आठ महिन्यांची असताना तिने शर्टाची गुंडी गिळली होती. दोन दिवसांनी गुंडी बाहेर आली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

तर एका सोमवारी मास्तरांच्या टेबलावर अकरा नंबरचा कागद आला. मापं कुणा मुलीच्या अंगाची होती. मास्तर वरून खाली वाचत गेले आणि पायांशी अडले. उजव्या पायाची मांडी, गुडघा, पोटरी, घोटा, सगळं नीट भरलेलं. डाव्या पायाची मांडी भरलेली, आणि गुडघ्याखाली नुसत्या रेघा. पोटरी रेघ, घोटा रेघ, टाच रेघ. मास्तरांना आयतंच सापडलं. कागद नाचवत ते बाईंच्या टेबलाशी गेले.

"काय हो बाई, मापं घेताना पोरगी लंगडी खेळत होती का?"

शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. बाई हसल्या नाहीत.

"मास्तर, तिला तो पाय नाहीये," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सुरुंगात गेला. त्या बाजूला आपण मोटारीचा पाय जोडतोय. नव्या सूटचं तेच तर वैशिष्ट्य आहे. पाय गेलेला माणूससुद्धा पुन्हा कामावर जाऊ शकेल."

"कामावर म्हणजे?"

"होता तिथेच. आघाडीवर."

मास्तरांना स्वतःची जीभ हासडून टाकावीशी वाटली. कुणाची कोण पोर आणि आपण तिच्यावर विनोद करतो. ते खालमानेने जागेवर आले, चष्मा पुसला आणि प्रायश्चित्त म्हणून हा सूट उत्तम शिवायचा असं ठरवून कामाला बसले. कागदावरची मापं सेंटीमीटरमध्ये. मास्तरांचा हिशोब इंचात. एकेक आकडा ते वहीत उतरवू लागले. छाती तेहतीस. उजवी बाही बावीस, डावी साडेएकवीस. डावा खांदा, उतार अर्धा इंच.

हात त्यांच्या आधी पुढे गेला. त्याने खण उघडला, कापूस घेतला, दाबून दाबून त्याची बोटभर गादी केली आणि डाव्या खांद्याच्या जागी ठेवली. मग मास्तरांनी ती गादी पाहिली. कागदाने ती मागितली नव्हती.

नऊ वर्षांची असताना गुंडी त्यांच्या कापडं कापायच्या टेबलावरून उडी मारायला गेली आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. ते वाकडं जुळलं. पोरीचा डावा खांदा कायमचा अर्धा इंच खाली. तिची आई रडली, पण मास्तर म्हणाले, खांद्याचं माझ्यावर सोड. तेव्हापासून शाळेच्या गणवेशापासून सगळ्या कपड्यांत डाव्या बाजूला अर्ध्या इंचाची गादी. शाळा संपली, कॉलेज संपलं, कुणाला पत्ता लागला नाही. जगात तो अर्धा इंच तिघांनाच माहीत होता.

एका खांद्यावरून काय ठरतं, असं मास्तर स्वतःला दहादा बजावत राहिले. संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी गुंडीच्या मापांची जुनी वही काढली आणि न्हाणीघरात जाऊन कडी लावली. पाठ पंधरा, तीच. मनगट सहा, तेच. बाहीचा मुंढा तोच, गळा तोच. कंबर तेवढी दीड इंच उतरली होती. पोर वाळली होती. मास्तर बादलीच्या काठावर बसले ते उठेचनात. आपल्या मुलीचा पाय गेला हे आपल्याला एका रेघेने कळवलं, आणि आपण त्या रेघेवर हसलो, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं.

"अहो, बरं नाही का वाटत?" बायकोने दार वाजवलं.

"पोट बिघडलंय," मास्तर म्हणाले.

तिला सांगावं तर कसं सांगायचं? कुठून कळलं म्हणून विचारील. आणि बातमी फुटली, नातं निघालं, तर सूट दुसऱ्याच्या हाती जाईल. तो दुसरा आतून शिवण घेणारा.

रविवारी दुपारी नेहमीसारखा गुंडीचा फोन आला. चार महिने तिच्या फोनचा कॅमेरा म्हणे बिघडला होता, नुसता आवाज यायचा. सात महिने रजा नव्हती, आणि काम म्हणे टेबलाशी. आजवर मास्तरांना यात काही वावगं वाटलं नव्हतं, आणि आता प्रत्येक गोष्ट दात काढून त्यांच्याकडे बघत होती.

"तुला बूट घेऊन ठेवलेत गं," आई सांगत होती. "आतून लोकरीचे. मी दोन्ही पायांत घालून घरभर चालून बघितलं. मला झाले म्हणजे तुला होणारच."

पलीकडे गुंडी हसली. "ठेव आई. आले की घालीन."

मास्तरांच्या हातात फोन आला.

"बाबा, एवढे गप्प का?"

"सुईत दोरा ओवतोय," मास्तर म्हणाले. हातात सुईही नव्हती आणि दोराही नव्हता.

त्यांना रागही आला, का नाही येणार? अर्ध्या इंचासाठी बापाकडे धावणारी पोर, पाय गेला तर बोलत नाही. वर पुन्हा तिकडेच निघाली. हिचा हट्ट लहानपणापासून असलाच, असं ते मनात म्हणत राहिले. आणि मग त्यांना सुचलं की सूट बिघडवायचा. शिवण आतून घ्यायची, दहा पावलांत मांडी सोलवटेल, घाला म्हणावं मग. सोमवारी ते तसं करायला बसलेही. पण मांडी कुणाची सोलवटणार होती? जिथे पाय संपत होता तिथलं कातडं अजून कोवळं असणार. त्यांनी तिथे जुन्या धुवट सुती कापडाचे चार पदर लावले आणि एवढ्या बारीक टाक्यांनी शिवले की स्वतःच्या लग्नाचा कोटही त्यांनी तसा शिवला नव्हता.

बुधवारी सकाळी ट्रायल. खोलीत मोठा आरसा, धरून चालायला दोन दांड्या, हातात ट्रायलचा कागद लावलेला पुठ्ठा घेऊन बाई. दार उघडलं आणि गुंडी कुबड्यांवर आत आली. विजारीचा डावा पाय दुमडून वर पिन मारली होती, तीही वाकडी. बापाला बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. पण नियम तिलाही माहीत होते. सही तिनेही केलेली होती.

"नमस्कार मास्तर," ती म्हणाली.

"या," मास्तर म्हणाले. "बसा तुम्ही."

पोटच्या पोरीला 'तुम्ही' म्हणून त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

सूट चढला. कमरेशी मोटारी गुरगुरल्या आणि गुंडी उभी राहिली, दोन पायांवर. आरशात दोन्ही खांदे एका रेषेत. एक पाऊल, दुसरं, मग दांड्या सोडून पलीकडच्या भिंतीपर्यंत आणि परत. मास्तरांचं मन भरून आलं. पहिल्यांदा चालली तेव्हाही ती अशीच भिंतीपर्यंत जाऊन परत आली होती. मग ही इथून कुठे चालत जाणार ते त्यांना आठवलं.

"फारच छान," बाई म्हणाल्या. "पंधरा दिवसांत तुकडी निघतेय. मास्तर, बसला ना?"

"मागचा गळा बघतो," म्हणून मास्तर तिच्या पाठीशी गेले. गुंडी ओठ न हलवता बोलली.

"बाबा, नाही म्हणा. मला परत नाही जायचं. सही केली तेव्हा वाटलं, नुसतं चालायला देतायत. आता माझं नाही ऐकत कोणी."

मास्तरांचा हात तिच्या खांद्यावर तसाच राहिला. इतके दिवस ज्याला ते पोरीचा हट्ट म्हणत होते, तो तिचा नव्हताच.

"मास्तर?"

"नाही बसला."

बाईंना वाटलं थट्टा आहे. "अहो, तुमचा सूट, आणि नाही बसला?"

"चूक माझी आहे. बेतच चुकला."

गुंडीने चमकून आरशात बापाकडे पाहिलं. हे वाक्य तिने त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. चाळीस वर्षांत मास्तरांनी पहिल्यांदाच आपल्या कामाला नावं ठेवली होती, तेही आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या कामाला.

बाई जवळ आल्या. त्यांनी मांडीचे पदर पाहिले, कंबर पाहिली, मग डाव्या खांद्याखाली बोट घातलं.

"ही गादी तुम्हाला कोणी सांगितली? कागदावर तर नुसता उतार लिहिलाय."

"सवय," मास्तर म्हणाले.

बाईंनी आरशात एकदा मास्तरांकडे बघितलं, एकदा गुंडीकडे, आणि मग बराच वेळ हातातल्या पुठ्ठ्याकडे.

"दुरुस्तीला किती दिवस लागतील?" त्यांनी विचारलं.

"सांगता नाही यायचं. पहिल्यापासून मापं घ्यावी लागतील. बसवून, सावकाश. हात कापतो हल्ली माझा."

बाईंनी पेन काढलं आणि 'बसला' समोर 'नाही' लिहिलं.

मास्तरांनी खिशातून उसवायचं हत्यार काढलं आणि खांद्याची शिवण उसवली. हात मुळीच कापत नव्हता. कापसाची गादी त्यांच्या तळहातात आली. गुंडीचा डावा खांदा आरशात, बाईंदेखत, अर्धा इंच खाली उतरला आणि तिने तो उचलला नाही.